“इंडियन आहेस का?” : आपल्या शहरांतला वंशभेद कसा चालतो आणि तिथे नेमकं काय करायचं

वंशभेद म्हटलं की आपल्याला पीटरमारित्झबर्गच्या फलाटावर उतरवलेले गांधीजी आठवतात, नाहीतर अमेरिका. आपल्याकडे जात आहे, धर्म आहे, पण वंशभेद ही बाहेरच्या देशांतली भानगड, असा एक सोयीचा समज आहे. शिकायला किंवा नोकरीला पुण्या-मुंबईत आलेल्या मणिपूर, मिझोराम, नागालँडच्या कुणाशीही मोकळेपणाने बोललात, तर हा समज पाच मिनिटांत गळून पडतो.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरमध्ये अरुणाचल प्रदेशचा निदो तानिया हा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानापाशी थांबला. त्याच्या केसांवरून आणि दिसण्यावरून टिंगल झाली, त्याने रागाने दुकानाची काच फोडली, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर केंद्र सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिचा अहवाल आला. वांशिक शेरेबाजी हा स्वतंत्र गुन्हा ठरवा, पोलिसांना प्रशिक्षण द्या, शाळेच्या पुस्तकांत ईशान्येचा इतिहास आणा, मोफत कायदेशीर मदत द्या, अशा शिफारशी त्यात होत्या. दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या लोकांसाठी खास पथक आणि १०९३ ही हेल्पलाइन चालवली. वेगळा कायदा मात्र झाला नाही.

या घटनेत सुरुवात कुठून झाली ते पाहायला हवं. केसांवरच्या शेऱ्यावरून. असे शेरे रोज हजार ठिकाणी मारले जातात, त्यातल्या बहुतेकांचा शेवट असा होत नाही, म्हणून मारणाऱ्याला ती गंमत वाटत राहते. उघड द्वेष करणारी माणसं थोडी असतात. बाकीचा सगळा व्यवहार गंमत, चौकशी आणि ‘आमच्याकडे असाच नियम आहे’ या तीन वाटांनी चालतो, आणि तो करणारी माणसं एरवी अगदी सज्जन असतात. म्हणून नुसतं मन चांगलं असून भागत नाही. कोणत्या प्रसंगी काय बोलायचं, काय विचारायचं, काय लिहून ठेवायचं हे आधीच ठरलेलं असावं लागतं.

‘सगळे सारखेच दिसतात’ असं का वाटतं

आधी शरीराचं. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए घेतला तर तो सुमारे ९९.९ टक्के सारखा निघतो. उरलेल्या फरकाचं काय, हे रिचर्ड लेवाँटिन या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मोजलं. माणसांमधल्या जनुकीय फरकापैकी जवळपास ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो आणि ज्यांना आपण ‘वंश’ म्हणतो त्यांच्या दरम्यानचा फरक ६ टक्क्यांच्या आसपास भरतो. डोळ्याच्या कोपऱ्यावरची त्वचेची घडी, नाकाची ठेवण, कातडीतलं मेलॅनिन या गोष्टी काही जनुकांवर आणि पूर्वज कुठल्या हवामानात राहिले यावर ठरतात. त्यावरून बुद्धी, स्वभाव, चारित्र्य यांतलं काहीही कळत नाही.

तरी ‘हे सगळे एकसारखेच दिसतात’ हे वाक्य खोटेपणाने म्हटलेलं नसतं. लहानपणापासून ज्या चेहऱ्यांत आपण वाढतो, त्यांतले बारकावे टिपायची सवय मेंदूला लागते. अपरिचित समूहाचे चेहरे ओळखताना तो चुकतो. मानसशास्त्रात हे १९६०च्या दशकापासून नोंदलेलं आहे आणि ते सगळ्याच समूहांना लागू पडतं. मिझोरामच्या राजधानीतून, आयझॉलहून, पहिल्यांदा पुण्यात आलेल्या मुलीलाही आपण सगळे काही दिवस सारखेच दिसतो.

घोळ पुढे होतो. सोसायटीचा वॉचमन वरच्या मजल्यावरच्या मुलीने केलेल्या गोष्टीबद्दल खालच्या मजल्यावरच्या मुलीला झापतो. ऑफिसात एकीचं काम दुसरीच्या नावावर जातं. साक्षीदार पोलिसांसमोर भलत्याच मुलाकडे बोट दाखवतो. यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: चेहरा पाहताना डोळ्यांवर आणि रंगावर न थांबता भुवया, कपाळ, हनुवटी, चाल, आवाज यांकडे मुद्दाम लक्ष द्यायचं आणि नाव पाठ करायचं. शंका असेल तर ‘माफ करा, मला नाव आठवत नाहीये’ एवढं म्हणायचं. अंदाजाने दुसरीचं नाव घेतलं तर ते जास्त लागतं.

नावांची थोडी माहिती असली की काम सोपं होतं. मिझो नावं पुरुषांची बहुधा ‘आ’ने आणि स्त्रियांची ‘ई’ने संपतात. मेघालयातल्या खासी समाजात कूळ आईकडून चालतं, त्यामुळे वडिलांचं आडनाव वेगळं निघालं तर फॉर्म भरणाऱ्या कारकुनाने चूक समजून खोडू नये. मणिपूरमधल्या मैतेई पुरुषाच्या नावात अनेकदा ‘सिंग’ असतं, तो शीख नसतो. ‘इतकं अवघड नाव, आपण तुला पिंकी म्हणू’ हे तर करूच नये. ‘उच्चार सांगा, मी लिहून घेतो’ म्हणायला दहा सेकंद लागतात, आणि देवनागरीत लिहिलं की बहुतेक नावं नीट म्हणता येतात.

प्रश्न कुठे चुकतो

‘कुठली तू?’ हा मराठी माणसाचा आवडता प्रश्न आहे. गाव कळल्याशिवाय आपल्याला गप्पा सुरू करता येत नाहीत, आणि त्यात वाईट काही नाही. साताऱ्याच्या माणसाने ‘सातारा’ म्हटलं की विषय पुढे जातो. कोहिमाच्या मुलीने ‘नागालँड’ म्हटलं की ‘म्हणजे चीनच्या बाजूला का?’, ‘पण मूळची कुठली?’, ‘इंडियन आहेस का?’, ‘तुम्ही कुत्रं खाता ना?’ अशी रांग लागते. विचारणारा पहिल्यांदाच विचारत असतो. ती मात्र त्या आठवड्यात रिक्षावाल्याला, बँकेत, मेसमध्ये आणि घर दाखवणाऱ्या एजंटला हेच सांगून आलेली असते. एकेक प्रश्न किरकोळ असतो, पण त्यांची बेरीज कुणालाही थकवते.

कसोटी सोपी आहे. हाच प्रश्न, याच क्रमाने, याच सुरात आपण लातूरहून आलेल्या मुलाला विचारला असता का? नसेल, तर गिळून टाकावा. गाव एकदा विचारायला हरकत नाही, पण मिळालेलं उत्तर शेवटचं मानावं. पुढे बोलायचंच असेल तर त्या उत्तराला धरून बोलावं: ‘कोहिमा शहरात की बाहेर?’, ‘इथल्या उन्हाची सवय झाली का?’ खाण्यापिण्याबद्दल ओळख झाल्यावर बोलावं. केसांना हात लावणं, न विचारता सेल्फी घेणं, ‘नूडल्स’ किंवा ‘मोमो’ म्हणून हाक मारणं याला कुतूहल म्हणत नाहीत.

‘चिंकी’ हा शब्द प्रेमानेही वापरू नये. ग्रुपमध्ये ती हसते म्हणून तिला चालतं असं मानणं हा नेहमीचा गैरसमज. पाच जण हसत असताना सहावीला हसण्यावाचून दुसरं काही करता येत नाही. ‘नेपाळी’ म्हणण्यात दोन चुका आहेत: एक तर ती व्यक्ती नेपाळी नसते, आणि नेपाळी असणं ही शिवी नाही. ती भारताचीही भाषा आहे: १९९२ मध्ये ७१व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, तीन भाषा एकत्र आल्या, कोंकणी, मणिपुरी आणि नेपाळी. म्हणजे पणजी आणि इंफाळ या बाबतीत एकाच दिवसाचे सोबती आहेत.

संबोधन हाही मुद्दा आहे. हॉटेलात मराठी वेटरला आपण ‘दादा’ म्हणतो, आणि ईशान्येच्या वेटरला ‘ए, इधर’. सलूनमधल्या मराठी बाईंना ‘ताई’ किंवा ‘अहो’, आणि नागालँडमधल्या दिमापूरच्या मुलीला पहिल्या वाक्यापासून ‘तू’. दोन-तीन वर्षं इथे काढलेल्या अनेकांना मराठी चांगलं कळतं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल मराठीत बोलणारे हे विसरतात.

मुलींच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. कपडे आणि दिसणं यांवरून ‘या मुली फॉरवर्ड’ असा निष्कर्ष, त्यातून रात्री उशिरा येणारे मेसेज आणि दर विचारण्यापर्यंतची मजल. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. अंगप्रदर्शन करणारे कपडे टाळा आणि उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजारी गडबड होऊ देऊ नका, असा सल्ला तिच्यात होता. त्रास देणाऱ्याला काही सांगायचं सोडून ज्याला त्रास होतो त्यालाच शिस्त लावायची, हा प्रकार सरकारी कागदावर कसा दिसतो त्याचा हा नमुना. पुस्तिकेवर टीका झाली. सोसायट्यांच्या तोंडी नियमांत तोच सल्ला अजून जिवंत आहे.

खोली भाड्याने देताना

भेदभाव सर्वांत जास्त कुठे रुतून बसलाय असं विचाराल तर घरभाड्यात. फोनवर ‘हो, रिकामा आहे, या बघायला’. समोर चेहरा दिसला की ‘अहो, आत्ताच एकाने टोकन दिलं’. किंवा भाडं दोन हजारांनी वाढतं, डिपॉझिट दुप्पट होतं, किंवा ‘फक्त फॅमिली’ हा नियम अचानक आठवतो. घरमालक म्हणतो मला काही नाही, सोसायटी ऐकणार नाही. सोसायटी म्हणते आमचं काही नाही, मालकच देत नाही. एजंट दोघांच्या मध्ये उभा राहून दोघांनाही हवं ते ऐकवतो.

कायद्याची बाजू इथे दुबळी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. घटनेचं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, उपाहारगृहं, करमणुकीची ठिकाणं इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला अडवू देत नाही, आणि ते खासगी मालकालाही लागू आहे. खासगी घर भाड्याने देण्याबाबत इतकी स्पष्ट तरतूद नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारशांच्या एका गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवायला मुभा दिली. म्हणून इथे भिस्त मालकाच्या आणि कमिटीच्या नीट वागण्यावरच येते. नीट वागणं म्हणजे काय, ते असं.

जाहिरात देण्याआधी अटी कागदावर लिहून काढा: भाडं, डिपॉझिट, किती माणसं, किती महिने, नोकरीचा किंवा कॉलेजचा पुरावा, आधीच्या घरमालकाचा फोन. मग येणाऱ्या प्रत्येकाला तोच कागद दाखवा. आधी आलेल्याला आधी उत्तर द्या. नाही म्हणायचं असेल तर कागदावरच्या कोणत्या अटीत बसत नाही ते सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही, तर कारण दुसरंच आहे हे आपल्याच लक्षात येतं. या कागदाचा खरा उपयोग तोच.

करार नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. ईशान्येच्या भाडेकरूंच्या बाबतीत ‘कशाला खर्च, तोंडी राहू दे’ हे फार चालतं. मग सहा महिन्यांनी शेजारच्या काकूंनी तक्रार केली की ‘दोन दिवसांत खाली करा’, आणि त्या मुलांच्या हातात दाखवायला कागदाचा कपटाही नसतो. नोंदवलेल्या करारात नोटिशीची मुदत असते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हे सगळ्या भाडेकरूंसाठी आहे, तेही मालकाचंच काम. ‘तुम्ही लोक ठाण्यात जाऊन सर्टिफिकेट आणा’ असं फक्त काहींनाच सांगू नये. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर मात्र मालकाला २४ तासांच्या आत परदेशी नोंदणी यंत्रणेला ऑनलाइन कळवावं लागतं. मणिपूरच्या मुलाकडून पासपोर्ट मागणाऱ्या मालकांना हा फरक ठाऊक नसतो. त्याचं आधार कार्ड तुमच्या-माझ्यासारखंच असतं.

आणि मग वास. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, बांबूचे आंबवलेले कोंब, मणिपुरी ङारी म्हणजे आंबवलेली मासळी, धुरावलेलं मांस, यांना वास असतो हे कुणी नाकारत नाही. सुकट आणि बोंबील भाजतानाही गल्लीभर वास सुटतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत तो भुकेचा वास आहे, आणि पेठेतल्या एखाद्या घरात नाक मुरडण्याचा. तेव्हा नियम करायचाच असेल तर वासाचा करा, माणसाचा नको. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा, दार बंद असावं, साठवणीचे डबे घट्ट झाकणाचे असावेत, कचरा बांधून त्याच दिवशी बाहेर जावा, एवढं सगळ्यांना लागू केलं की पुरतं. एक्झॉस्ट बसवून देणं मालकाचं काम. अनेक जुन्या इमारतींत तो नसतो, आणि तिथली अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आफ्रिकी विद्यार्थी आणि ‘ते सगळे’

पुण्यात आफ्रिकी देशांतले विद्यार्थी अनेक वर्षांपासून शिकताहेत. त्यांच्या बाबतीत संशयाचा विषय ठरलेला: अमली पदार्थ. कुणा एकाला अटक झाली की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक काळा माणूस आरोपी ठरतो. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला. अमली पदार्थांचा आणि शेजारच्या नायजेरियन तरुणांचा संबंध असल्याची अफवा पसरली, आणि जमावाने ज्यांचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता अशा आफ्रिकी विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून मारलं.

इथे गणित असं चुकतं. आपल्यातल्या एकाने चोरी केली तर तो ‘अमुक माणूस’ असतो, बाहेरच्या एकाने केली तर ‘ते लोक’. मेंदू हे आपोआप करतो. त्यामुळे बातमी वाचताना किंवा ग्रुपवर लिहिताना नावाच्या जागी ‘एक मराठी तरुण’ घालून पाहावं. वाक्य हास्यास्पद वाटलं तर मूळ वाक्यातही समूहाचं नाव अनावश्यक होतं.

जाता जाता, काळा माणूस म्हणजे या मातीला परका असं म्हणणाऱ्यांसाठी: छत्रपती संभाजीनगरचं जुनं नाव खडकी, आणि ते शहर वसवलं मलिक अंबरने. जन्म इथियोपियातला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर. त्याच्या नहर-ए-अंबरीने त्या शहराला पाणी पाजलं. त्याची कबर खुलताबादला आहे.

अफवा आली की

ऑगस्ट २०१२. आसाममधल्या हिंसाचारानंतर ‘ईशान्येच्या लोकांवर हल्ले होणार’ असे एसएमएस फिरले. बेंगळुरू, पुणे, चेन्नई, हैदराबादहून हजारो जण काही दिवसांत गावाकडे निघाले. बेंगळुरूहून गुवाहाटीला जादा गाड्या सोडाव्या लागल्या आणि सरकारला घाऊक एसएमएसवर तात्पुरती मर्यादा घालावी लागली. कोविडच्या सुरुवातीला दुसरा प्रकार झाला. दिसण्यावरून लोकांना ‘कोरोना’ म्हणून हिणवलं गेलं, दुकानांत घेतलं नाही, आणि मार्च २०२० मध्ये गृह मंत्रालयाला राज्यांना सूचनापत्र पाठवावं लागलं.

अशा वेळी ‘खबरदारी म्हणून’ मेसेज पुढे ढकलणारे चांगल्या हेतूचे लोकच जास्त असतात. भीती पसरवायला तेवढं पुरतं. मेसेज पुढे न पाठवता ओळखीच्या भाडेकरूला, सहकाऱ्याला थेट फोन करावा: ‘असा मेसेज फिरतोय, मी चौकीत विचारलं, ते असं म्हणाले. काही लागलं तर माझा नंबर आहे.’ रात्रीच्या पाळीवरून परतायचं असेल तर सोबत जावं. दुकानदाराने माल द्यायला नकार दिला तर आपण शेजारी उभं राहून ‘यांचं आधी द्या’ म्हणावं. गिऱ्हाईक दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बाजूने बोललं की दुकानदार बहुतेक वेळा माघार घेतो.

डोळ्यांदेखत घडत असेल तर

बस, लोकल, मेस, कॉलेजचा कट्टा. कुणीतरी शेरे मारतंय, दुसरी व्यक्ती खाली मान घालून बसलीय. आपण काय करायचं? हिरो व्हायचं नाही. त्रास देणाऱ्याच्या अंगावर गेलात की भांडण तुमचं आणि त्याचं होतं, आणि ज्याला त्रास होत होता तो बाजूला पडतो किंवा मार खातो.

सर्वांत चांगली चाल म्हणजे त्रास होणाऱ्या व्यक्तीशीच बोलायला लागणं. ‘ही गाडी शिवाजीनगरला थांबते ना?’, ‘अरे, तू त्या क्लासला होतास ना?’ तिच्या आणि त्याच्या मध्ये उभं राहायचं, बोलत राहायचं, त्याच्याकडे बघायचंही नाही. शेरेबाजीला प्रेक्षक लागतात, ते गेले की ती विझते. जमत नसेल तर कंडक्टर, सिक्युरिटी, रेल्वे पोलीस, मेसचा मालक यांना सांगा आणि नेमकं सांगा: ‘तिकडे भांडण चाललंय’ ऐवजी ‘निळा शर्टवाला त्या मुलीला शिव्या देतोय, मागच्या दारापाशी’. धोका वाटत असेल तर ११२.

थेट बोलायचंच असेल तर एक वाक्य, शांतपणे, एकदाच: ‘हे बोलणं थांबवा.’ वाद घालायचा नाही, व्याख्यान द्यायचं नाही. समोरचा दारू प्यायलेला असेल, टोळकं असेल किंवा हातात काही असेल तर तेही नको.

मोबाइलवर रेकॉर्ड करताना कुणीतरी आधीच मदत करतंय ना ते पाहा. नसेल तर मदत आधी. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, वेळ, ठिकाण स्वतःच्या आवाजात सांगा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली की ती आकुंचित होते आणि न्यायालयात मूळ फाइल व तिच्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. व्हिडिओ त्या व्यक्तीला द्या. तिच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. अपमान एकदा झाला, तो लाख जणांना दाखवायची गरज नसते.

प्रसंग संपल्यावर दोन मिनिटं थांबणं फार मोलाचं असतं आणि ते सगळ्यांना जमतं. ‘मी पाहिलं. चूक त्याची होती. तक्रार करायची असेल तर मी साक्ष देईन, हा माझा नंबर.’ ‘जाऊ दे, असे लोक असतातच’ हे मात्र म्हणू नका. ते तिला पाठ आहे.

तक्रार करायची असेल तर

वंशभेदविरोधी वेगळा कायदा नसल्यामुळे तक्रार सर्वसाधारण कलमांत बसवावी लागते, आणि तिथेच ती फसते. ठाण्यात बहुतेक वेळा भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२ (शांतताभंग होईल असा अपमान) किंवा ११५ (साधी दुखापत) लावलं जातं. ही दोन्ही अदखलपात्र. म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून घेतात, चिठ्ठी देतात आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. तक्रारदाराला वाटतं गुन्हा नोंदला. तो नोंदलेला नसतो.

दखलपात्र काय आहे? स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द किंवा हावभाव असतील तर कलम ७९. वंश, जन्मस्थान, भाषा यांवरून समूहांत वैर पसरवणं असेल तर १९६. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून गंभीर दुखापत केली तर ११७(४), खून केला तर १०३(२).

आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा. ईशान्येतल्या अनेक समाजांना त्यांच्या राज्यात अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, सगळ्यांना नाही. ‘तुमची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही, त्यामुळे इथे हा कायदा लागत नाही’ असं सांगून परत पाठवलं जायचं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा वाद मिटवला: या कायद्याचं संरक्षण मूळ राज्यापुरतं नाही, देशात कुठेही आहे. ठाण्यात हे अजून सगळ्यांना माहीत असेलच असं नाही, म्हणून जमातीच्या दाखल्याची प्रत सोबत न्यावी. अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो आणि तो त्या व्यक्तीच्या जमातीमुळे झाला हे दिसावं लागतं. बंद खोलीतल्या शब्दांना या कायद्याचं अपमानाबद्दलचं कलम ३(१)(आर) लागत नाही. तपास सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो.

तक्रारीत ‘अपशब्द वापरले’ असं कधीही लिहू नका. जो शब्द उच्चारला तोच, ज्या भाषेत उच्चारला त्या भाषेत, अवतरणात लिहा. लिहायला लाज वाटते, पण पुढचं सगळं त्या शब्दावर उभं राहतं. कुठे, किती वाजता, कोण कोण ऐकत होतं, आधी काय झालं, नंतर काय झालं. हद्द कुठल्या ठाण्याची हे पाहत बसू नका. झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात घ्यावा लागतो. ऑनलाइन तक्रार केली तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवून घेत नसतील तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे किंवा पोलीस उपायुक्तांकडे टपालाने, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. नंबर १५१००. सोबत जाणाऱ्या स्थानिक मराठी माणसाचा इथे फार उपयोग होतो. फक्त बोलू त्यांना द्यावं, आपण भाषेची अडचण तेवढी सोडवावी.

ओळख कशी करून द्यायची

एकत्र राहिलं की पूर्वग्रह आपोआप जातात, हे अर्धसत्य आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये चार अटी सांगितल्या: दोन्ही बाजू बरोबरीच्या पातळीवर, उद्दिष्ट एक, काम एकमेकांच्या मदतीने, आणि वरच्यांचा पाठिंबा. पुढे २००६ मध्ये पेटिग्र्यू आणि ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतो, आणि अटी पाळल्या तर जास्त.

आपल्याकडचा पुरावा अधिक बोलका आहे. मॅट लो या अर्थतज्ज्ञाने उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण भागात १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेट स्पर्धांचा प्रयोग केला. विषय जातीचा होता, पण शिकवण इथे लागू पडते. वेगवेगळ्या जातींची मुलं एकाच संघात खेळली तेव्हा इतर जातींतले मित्र वाढले. इतर जातींची मुलं समोरच्या संघात आली तेव्हा परिणाम उलट्या बाजूला झुकला. दिल्लीच्या खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखीव जागा आल्यावर अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी श्रीमंत मुलांचं वागणं तपासलं. गरीब वर्गमित्र लाभलेली मुलं जास्त उदार झाली, भेदभाव कमी करू लागली, आणि त्यांच्या अभ्यासाचं फारसं बिघडलं नाही.

यावरून कॉलेजांचा आवडता कार्यक्रम, म्हणजे वर्षातून एकदा ‘नॉर्थ-ईस्ट डे’, त्यात पारंपरिक पोशाख, नाच आणि शेवटी ग्रुप फोटो, किती उपयोगाचा ते कळेल. एक बाजू रंगमंचावर, दुसरी खुर्च्यांत. बरोबरी नाही, एकत्र काम नाही. झालाच तर ‘ते लोक नाचतात छान’ एवढा समज पक्का होतो. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात ‘मणिपूरची टीम’ वेगळी काढणं तर त्याहून वाईट.

त्यापेक्षा फुटबॉलचे संघ चिठ्ठ्या टाकून पाडा. लॅबमधल्या जोड्या दर सत्रात बदला, मुलांना आपापल्या निवडू देऊ नका, कारण निवडल्या की त्या तशाच पडतात. ऑफिसात शनिवारची पाळी आणि ग्राहकाशी बोलायचं काम दोन्ही फिरत्या यादीने वाटा. ईशान्येच्या कर्मचाऱ्याला कायम मागच्या खोलीत ठेवायचं आणि ‘क्लायंटला चालत नाही’ म्हणायचं, हा भेदभाव कुणी लिहून ठेवत नाही, पण यादी पाहिली की दिसतो. गणेशोत्सव मंडळात या मुलांना ढोल वाजवायला बोलावता, तर जमाखर्चाच्या वहीवरही बसवा. वर्गणीला मराठी मुलासोबत जोडीने पाठवा आणि पावतीपुस्तक त्यांच्या हातात द्या. पहिल्या दिवशी दोन-चार दारांवर ‘हा कोण?’ असं विचारलं जाईल. जोडीदाराने ‘आमच्या मंडळाचा कार्यकर्ता’ एवढंच सांगायचं आणि पुढच्या दाराची बेल वाजवायची.